विश्लेषण : शेतकऱ्याची नोंद ॲपच्या मेनूत कशी हरवू शकते?

एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणे, मेनूतून योग्य बटण शोधणे आणि चुकल्यास सुखरूप मागे येणे. सातबाऱ्यावरची पीक नोंद आता या तीन साध्या वाटणाऱ्या गोष्टींवरही अवलंबून आहे. मोबाइल ॲपमध्ये स्क्रीन आणि मेनू यांची रचना कशी केली जाते, ती कुठे फसते आणि त्याची किंमत कोण मोजतो, याविषयी…

ऑगस्ट लागला की जालना जिल्ह्यात कपाशीच्या खुरपणीबरोबर आणखी एक काम शेतकऱ्याच्या मागे लागते. ते म्हणजे ई-पीक पाहणी. शेतात उभे राहून मोबाइलवर आपला गट निवडायचा, पिकाचे नाव, क्षेत्र, सिंचनाचे साधन, लागवडीची तारीख भरायची, पिकाचे छायाचित्र काढायचे आणि माहिती पाठवायची. सांगायला काम थोडक्या वेळाचे आहे. पण शेवटच्या बटणापर्यंत पोहोचण्याआधी बरीच पाने ओलांडावी लागतात. मध्येच फोन आला, चुकीचे बटण दाबले गेले किंवा ‘मागे’ दाबल्यावर भरलेली माहिती गेली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दोनदा असे झाले की मोबाइल खिशात जातो आणि ‘उद्या बघू’ म्हणत मुदत संपते.

अशा वेळी दोष सहसा शेतकऱ्याच्या ‘अज्ञाना’ला दिला जातो. प्रत्यक्षात प्रश्न बऱ्याचदा ॲपच्या रचनेचा असतो. हा विषय एकाच ॲपपुरता नाही. बँक, पीक विमा, रेशन, बाजार समितीचे भाव अशी गावातली कितीतरी कामे आता मोबाइलच्या पडद्यावर आली आहेत.

ई-पीक पाहणीचे महत्त्व काय?

पूर्वी गावात कोणत्या गटात कोणते पीक आहे याची नोंद तलाठी घेत असत. महसूल व कृषी विभागाने टाटा ट्रस्टच्या साहाय्याने तयार केलेले ई-पीक पाहणी ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाले आणि ही नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची, अशी पद्धत आली. १ ऑगस्ट २०२२ पासून त्याची सुधारित दुसरी आवृत्ती वापरात आली. २०२४ पासून केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेली ‘डीसीएस’ ही आवृत्ती वापरली जाते.

ही नोंद सातबाऱ्यावरच्या पीक पेऱ्यात जाते. पीक कर्ज, पीक विमा, अतिवृष्टीची भरपाई, हमीभावाने खरेदीसाठीची नोंदणी अशा अनेक ठिकाणी तिचा आधार घेतला जातो. २०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना राज्य सरकारने अर्थसाहाय्य दिले. ०.२ हेक्टरपर्यंत सरसकट एक हजार रुपये आणि त्याहून अधिक क्षेत्राला हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. त्यासाठी ई-पीक पाहणीची नोंद हा पात्रतेचा मुख्य आधार होता. सातबाऱ्यावर पीक असूनही ॲपवर नोंद नसलेल्यांसाठी नंतर अट शिथिल करावी लागली. कापूस आणि सोयाबीन ही जालन्यातली प्रमुख खरीप पिके. त्यामुळे ॲपमधले एखादे बटण सापडणे वा न सापडणे हा इथे थेट पैशांचा विषय ठरतो.

ॲपमधली ‘स्क्रीन’ म्हणजे नेमके काय?

मोबाइलवर एका वेळी दिसणारे एक पान म्हणजे एक स्क्रीन. लॉगिनचे एक पान, गट निवडण्याचे दुसरे, पीक भरण्याचे तिसरे. संकेतस्थळावर आणि मोबाइलवर एक मोठा फरक असतो. संगणकाच्या रुंद पडद्यावर मेनू डावीकडे, माहिती मधोमध आणि सूचना उजवीकडे अशी मांडणी एकाच वेळी दिसू शकते. मोबाइलच्या सहा इंची पडद्यावर तेवढी जागा नसते. म्हणून काम तुकड्यांत वाटावे लागते आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र पान मिळते.

ही पाने मोबाइल कशी लक्षात ठेवतो? टेबलावर एकावर एक वह्या ठेवाव्यात तशी. नवे पान उघडले की ती वही ढिगाच्या वर येते. ‘मागे’ दाबले की वरची वही उचलली जाते आणि तिच्या खालची दिसते. अँड्रॉइडवर काम करणारे या ढिगाला ‘बॅक स्टॅक’ म्हणतात. आयफोनमध्ये आणि फ्लटरसारख्या साधनांतही मूळ कल्पना हीच आहे. नवे पान ढिगावर ठेवण्याला ‘पुश’ आणि वरचे काढण्याला ‘पॉप’ असे शब्द आहेत.

कोणती वही कधी ठेवायची आणि कधी उचलायची हे ठरवणे म्हणजेच स्क्रीनचे व्यवस्थापन. बरेचसे गोंधळ इथेच जन्म घेतात.

हा ढीग कुठे बिघडतो?

चार ठिकाणे नेहमीची आहेत. पहिले लॉगिनचे. वापरकर्ता आत आल्यावर लॉगिनचे पान ढिगातून काढून टाकायला हवे. ते राहून गेले, तर मुख्य पानावर ‘मागे’ दाबताच पुन्हा मोबाइल क्रमांक विचारला जातो आणि आपण बाहेर फेकलो गेलो असे माणसाला वाटते.

दुसरे, अर्ज पाठवल्यानंतरचे. नोंद यशस्वी झाल्याचा संदेश आला, पण ‘मागे’ दाबल्यावर भरलेला अर्ज पुन्हा समोर उभा राहिला, तर शेतकरी तो दुसऱ्यांदा पाठवतो किंवा पहिला गेलाच नाही असे समजतो. काम पूर्ण झाल्यावर अर्जाची सगळी पाने ढिगातून काढून थेट मुख्य पानावर आणणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

तिसरे, एकच पान अनेकदा उघडण्याचे. नेटवर्क मंद असेल तर बटण दाबूनही लगेच काही होत नाही. माणूस पुन्हा दाबतो, तिसऱ्यांदा दाबतो. रचना नीट नसेल तर त्याच पानाच्या तीन प्रती एकावर एक चढतात आणि बाहेर पडण्यासाठी तीनदा ‘मागे’ दाबावे लागते. वरच्या बाजूला तेच पान आधीच असेल तर नवी प्रत उघडू नये, असा नियम ॲपमध्ये घालता येतो. बटण दाबताच ते काही क्षण निष्क्रिय करून ‘थांबा, माहिती येत आहे’ असे दाखवणे हेही तितकेच उपयोगी.

चौथे, बाहेरून थेट आत येण्याचे. सूचनेवर किंवा संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवले की ॲपचे आतले एखादे पान थेट उघडते. पण त्याच्या खाली दुसरी वहीच नसेल, तर ‘मागे’ दाबल्यावर ॲप बंद होते. अशा पानाखाली मुख्य पान आधीच ठेवून द्यावे लागते.

यासाठी मोठ्या ॲपमध्ये सगळ्या पानांचा एकच नकाशा बनवतात. कोणत्या पानावरून कुठे जाता येते, परत कुठे यायचे, कोणते पान ढिगातून काढायचे हे त्यात एका जागी लिहिलेले असते. गूगलने अँड्रॉइडसाठी दिलेल्या ‘नेव्हिगेशन’ साधनात या नकाशाला ‘नेव्हिगेशन ग्राफ’ म्हणतात. प्रत्येक पानात स्वतंत्रपणे ‘इथून तिथे जा’ असे लिहीत गेले, की दहा-बारा पानांनंतर बनवणाऱ्यालाही वाट सापडेनाशी होते.

फोटो काढून परतल्यावर माहिती का जाते?

ही तक्रार अनेक ॲपबाबत ऐकू येते. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ॲपमधून कॅमेरा उघडला की बऱ्याचदा एक वेगळेच ॲप पुढे येते आणि आपला अर्ज मागे जातो. कमी रॅम असलेल्या फोनमध्ये कॅमेऱ्याला जागा हवी म्हणून अँड्रॉइड मागचे ॲप बंद करून टाकू शकते. फोटो काढून परतल्यावर तेच ॲप पुन्हा सुरू होते, पण गट, पीक आणि तारीख रिकामी. मध्येच फोन आला तरी हेच घडू शकते. माणसाने काहीच चूक केलेली नसते.

कोणते पान उघडे होते आणि कोणता गट निवडला होता एवढी थोडी माहिती जपण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे. पण ती सांभाळण्याची जबाबदारी ॲप बनवणाऱ्याची. लांबलचक अर्जासाठी तेवढे पुरत नाही. प्रत्येक रकाना भरताच माहिती फोनमधल्या छोट्या साठ्यात, म्हणजे एसक्यूलाइटसारख्या डेटाबेसमध्ये, मसुदा म्हणून लिहून ठेवणे हा खात्रीचा मार्ग. मग ॲप बंद पडले, बॅटरी संपली तरी पुढच्या वेळी ‘गट क्रमांकाची अर्धवट नोंद आहे, पुढे भरायची का?’ असे विचारता येते.

‘मागे’ जाण्याची पद्धतही बदलली आहे. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून पडद्याच्या कडेवरून बोट आत सरकवले की मागे जाता येते. सोय चांगली आहे, पण फोटो किंवा यादी सरकवताना कडेला बोट लागले की नकळत माघार घेतली जाते. अर्धा अर्ज भरलेला असताना माघार होत असेल तर ‘बाहेर पडायचे का? भरलेली माहिती जपून ठेवली आहे’ एवढे एक वाक्य पुष्कळ त्रास वाचवते. मात्र हा प्रश्न अर्जाच्या पानापुरताच असावा. प्रत्येक पानावर ‘नक्की का?’ विचारत राहिले, तर माणूस न वाचता ‘हो’ दाबायला शिकतो.

मेनूचे प्रकार कोणते?

मोबाइलवर साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला, मुख्य पानावरच्या मोठ्या चौकटी. प्रत्येक चौकटीत चित्र आणि नाव. कधीमधी येणाऱ्या वापरकर्त्याला हा सर्वांत सोपा, कारण ॲपमध्ये काय काय आहे ते एका नजरेत दिसते. तोटा असा, की एका कामातून दुसऱ्या कामात जाण्यासाठी दर वेळी मुख्य पानावर परतावे लागते.

दुसरा, तळाशी कायम दिसणारी पट्टी. व्हॉट्सॲप, यूट्यूब यांसारख्या ॲपमुळे ती परिचयाची झाली आहे. गूगलच्या रचना-सूचनांनुसार या पट्टीत तीन ते पाच पर्याय असावेत. पाचापेक्षा जास्त घातले की नावे आखडतात आणि बोट शेजारच्या पर्यायावर पडते. या पट्टीतल्या प्रत्येक कप्प्याचा वह्यांचा ढीग वेगळा ठेवावा लागतो. नोंदीच्या कप्प्यात तिसऱ्या पानावर असलेला माणूस मदतीच्या कप्प्यात डोकावून परत आला, तर त्याला ते तिसरेच पान दिसायला हवे.

तिसरा, कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेषा. त्यावर बोट ठेवले की बाजूने मेनूचा कप्पा सरकत येतो. दिसण्यावरून त्याला ‘हॅम्बर्गर मेनू’ असे नाव पडले. हे चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या संगणकासाठी रेखाटले होते. तो संगणक १९८१ मध्ये बाजारात आला. त्याच वर्षी १ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा होऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला.

तीन रेषांच्या आड काय हरवते?

या मेनूत कितीही पर्याय मावतात, हाच त्याचा मोह आणि तोच दोष. जागा संपली की उरलेले सगळे तीन रेषांच्या आड ढकलले जाते. पण जे दिसत नाही ते बहुतेकांच्या लेखी नसतेच. वापरसुलभतेवर काम करणाऱ्या नीलसन नॉर्मन ग्रुपने २०१६ मध्ये केलेल्या अभ्यासात, मुख्य मेनू लपवला की त्यातल्या गोष्टी सापडण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते असे आढळले. फेसबुकनेही २०१३ मध्ये आयफोनवरील ॲपमधला बाजूचा मेनू सोडून तळाची पट्टी स्वीकारली होती.

आडव्या रेषांचे चिन्ह शहरी तरुणाला ओळखीचे असेल. पहिल्यांदाच असे ॲप हाताळणाऱ्या पन्नाशीच्या शेतकऱ्याला त्या रेषा नक्षीही वाटू शकतात. म्हणून रोजचे किंवा मुदतीचे काम या कप्प्यात ठेवू नये. भाषा बदलणे, ॲपविषयी माहिती, बाहेर पडणे अशा क्वचित लागणाऱ्या गोष्टी तिथे चालतात. रेषांच्या खाली ‘मेनू’ एवढा शब्द लिहिला तरी फरक पडतो.

पर्याय किती असावेत यालाही मर्यादा आहे. पर्याय वाढले की निवड करायला लागणारा वेळ वाढतो, हे १९५२ मध्ये विल्यम हिक आणि १९५३ मध्ये रे हायमन यांच्या प्रयोगांतून मांडले गेले. पण पर्याय कमी दिसावेत म्हणून एकात एक असे पाच मेनू करणे हाही उपाय नव्हे. त्याने निवड सोपी होते, पण वाट लांबते.

नवी सोय आली की ती बसवायची कुठे?

ई-पीक पाहणीच्या दुसऱ्या आवृत्तीत अनेक सोयी वाढल्या. गटाच्या मध्यबिंदूपासून शेतकरी दूर उभा असेल तर तसा संदेश देणे, चूक झाल्यास ४८ तासांत एकदा स्वतः दुरुस्ती करणे, हमीभावाने विक्रीसाठी संमती नोंदवणे, मिश्र पिकात मुख्य पिकासह तीन दुय्यम पिके नोंदवणे, गावातल्या सर्वांच्या नोंदी पाहणे आणि ‘मदत’ बटण. शेतकऱ्याच्या नोंदीला स्वयंप्रमाणित मानून दहा टक्के नोंदींची तपासणी तलाठ्यांनी करायची, असेही त्या वेळी ठरले.

प्रत्येक सोय उपयोगाची. पण ॲप बनवणाऱ्यासाठी प्रत्येक सोय म्हणजे एक प्रश्न : हिला नवे पान द्यायचे की जुन्याच पानात जागा करायची? इथे एक कसोटी लावता येते. माणसाला ती गोष्ट कोणत्या क्षणी आठवेल? ४८ तासांतली दुरुस्ती ही आपलीच नोंद पाहताना आठवते. म्हणून ‘दुरुस्त करा’ हे बटण त्या नोंदीखालीच हवे, आणि सोबत किती तास उरले तेही. गटापासून दूर असल्याचा संदेश फोटो काढण्याच्या पानावर आला तर उपयोगी. अर्ज भरून झाल्यावर आला तर शेतकऱ्याचा वेळ वाया गेलेला असतो.

पिकांची यादी हेही याचेच उदाहरण. जालन्याची मोसंबी प्रसिद्ध आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. समजा, एखाद्या ॲपमध्ये ‘पिके’ आणि ‘फळपिके’ अशा दोन याद्या आहेत. मोसंबीच्या बागेत आंतरपीक घेणारा बदनापूरचा शेतकरी आधी कोणती यादी उघडेल? कार्यालयातली वर्गवारी आणि शेतातली भाषा यांत असे अंतर पडते. वर शोधण्याची चौकट दिली, ‘कपाशी’ लिहिले तरी ‘कापूस’ सापडला आणि जिल्ह्यातली नेहमीची पिके यादीत सर्वांत वर ठेवली, की वर्गवारी माहीत असण्याची गरजच राहत नाही.

एका फोनवर चार खाती असतील तर?

खेड्यात स्मार्टफोन बहुधा घरातल्या तरुणाकडे असतो. वडिलांचा गट, काकांचा गट, शेजाऱ्याचा गट अशा नोंदी तोच करून देतो. ई-पीक पाहणीतही एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंदणी करता येते. अशा वेळी सर्वांत मोठा धोका चुकीच्या खात्यावर नोंद होण्याचा.

मुख्य पानावर खातेदार निवडला आणि पुढच्या पाच पानांवर त्याचे नावच दिसले नाही, तर काकांच्या गटात वडिलांची तूर जाऊ शकते. म्हणून आपण कुठे आहोत आणि कोणासाठी काम करत आहोत, हे प्रत्येक पानाच्या वरच्या पट्टीत राहायला हवे. खातेदाराचे नाव, गट क्रमांक आणि ‘पाचपैकी तिसरी पायरी’ एवढे पुरे. शेवटच्या पानावर सगळी माहिती एकत्र दाखवून मग ‘पाठवा’ म्हणावे आणि प्रत्येक ओळीसमोर ‘बदला’ असावे. ‘बदला’ दाबल्यावर तेवढाच रकाना उघडावा आणि पुन्हा याच शेवटच्या पानावर परत आणावे. तारीख बदलण्यासाठी सगळी पाने पुन्हा ओलांडायला लावणे हा ढिगाच्या रचनेतलाच दोष आहे.

क्षेत्राच्या रकान्यातही असाच पेच असतो. शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये. एक एकर म्हणजे सुमारे ४० आर. ‘दोन एकर’ मनात असलेल्या माणसाने हेक्टरच्या रकान्यात २ लिहिले, तर क्षेत्र अडीच पटीच्या आसपास फुगते. रकान्याखाली ‘म्हणजे सुमारे ४ एकर ३८ गुंठे’ असे लगेच दिसले, तर चूक त्याच पानावर पकडली जाते.

नेटवर्क नसताना काय व्हावे?

शिवारात नेटवर्क असेलच असे नाही. म्हणून माहिती शेतात भरून फोनमध्ये साठवायची आणि नेटवर्क मिळाल्यावर पाठवायची अशी सोय ॲपमध्ये ठेवतात. यात दोन टप्पे होतात. ‘साठवले’ आणि ‘पाठवले’. तंत्रज्ञाला हा फरक उघड वाटतो. वापरणाऱ्याला हिरवी खूण दिसली की काम झाले असे वाटते.

इथली चूक सर्वांत महागात पडते, कारण ती त्या दिवशी कळतच नाही. अनुदानाच्या यादीत नाव नाही किंवा सातबाऱ्यावर पेरा कोरा आहे, हे काही महिन्यांनी कळते आणि तोवर मुदत संपलेली असते. म्हणून पाठवायच्या राहिलेल्या नोंदी मेनूच्या आत नकोत. ॲप उघडताच ‘दोन नोंदी फोनमध्येच आहेत, अजून पाठवलेल्या नाहीत’ ही ओळ पहिल्या पानावर ठळक दिसावी. साठवलेल्या नोंदीला हिरवा रंग देऊ नये. नोंद सर्व्हरवर पोहोचल्याची खात्री झाल्यावरच हिरवी खूण आणि तारीख-वेळ दाखवावी.

ऊन, चिखल आणि बोटे यांचा विचार कोण करतो?

ॲप वातानुकूलित खोलीत बनते आणि बांधावर वापरले जाते. गूगलच्या सूचनेनुसार बोट ठेवायची जागा किमान ४८ एकक, म्हणजे पडद्यावर साधारण ९ मिलिमीटर, असावी. ॲपलच्या सूचनेत ४४ एकके आहेत. ओल्या किंवा मातीच्या बोटांसाठी याहून मोठे बटण बरे. उन्हात फिकट करड्या रंगाची अक्षरे वाचता येत नाहीत. जागतिक सुलभता मानकांत साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा रंगभेद किमान साडेचारास एक इतका सांगितला आहे.

मराठीचा वेगळा प्रश्न आहे. अनेक ॲप आधी इंग्रजीत रचली जातात आणि मग नावे मराठीत बदलली जातात. मराठी अक्षरांना वर मात्रा आणि वेलांटी, खाली उकार असतो. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली की ‘नोंदणी’चा अनुस्वार किंवा ‘दुरुस्ती’चा उकार कापला जातो. वयस्क वापरकर्ते फोनमधली अक्षरे मोठी करून ठेवतात, तेव्हा लांब नाव अर्ध्यात तुटते. ‘पीक माहिती…’ असे दिसणारी दोन बटणे शेजारी आली, तर एक नोंदवण्याचे आणि एक पाहण्याचे, हे ओळखायचे कसे?

शब्दांची निवडही याच कामाचा भाग आहे. ‘सबमिट’, ‘सेव्ह’, ‘अपलोड’ हे तिन्ही शब्द एकाच ॲपमध्ये असले, तर त्यांतला फरक सांगणारा कोणीतरी शेजारी लागतो. ‘फोनमध्ये ठेवा’ आणि ‘सरकारकडे पाठवा’ यांना तशी गरज नाही.

ॲप बनवणाऱ्यांनी तपासायचे कसे?

यासाठी मोठा खर्च लागत नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००० मध्ये मांडले होते, की पाच जणांना ॲप वापरायला देऊन निरीक्षण केले तरी रचनेतले सुमारे ८५ टक्के दोष उघड होऊ शकतात. अट इतकीच, की ते पाच जण खरे वापरकर्ते असावेत आणि त्यांना मध्येच शिकवू नये.

जालना किंवा छत्रपती संभाजीनगरमध्ये ॲप बनवायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हे सहज करता येईल. भोकरदन, मंठा, घनसावंगी अशा वेगवेगळ्या भागांतले पाच शेतकरी, साधा फोन आणि भर दुपारचे शेत. ‘या गटात सोयाबीन नोंदवा’ एवढेच सांगायचे आणि गप्प बसून पाहायचे. बोट कुठे अडखळते, कोणता शब्द मोठ्याने वाचला जातो, किती वेळा ‘मागे’ दाबले जाते. अर्ध्यात मुद्दाम त्यांना फोन करायचा. फोटो काढताना नेटवर्क बंद करायचे. शेवटी एकच प्रश्न विचारायचा : ‘तुमची नोंद गेली का?’ उत्तर ‘गेली असेल’ असे आले, तर ॲप अजून तयार नाही.

पुढे काय?

डिजिटल पीक सर्वेक्षण आणि शेतकरी ओळख क्रमांक यांमुळे शेतीच्या नोंदी आणखी एकमेकींशी जोडल्या जात आहेत. शेतकऱ्याला जमले नाही तर गावपातळीवरील सहायकांमार्फत उरलेली पाहणी करण्याचीही व्यवस्था आहे. ती आवश्यकच आहे. पण सहायकाकडे जावे लागलेल्या प्रत्येक शेतकऱ्यामागे एक प्रश्न उरतो : त्याला फोन वापरता येत नव्हता, की त्याला वाट सापडली नाही?

पहिल्या कारणासाठी माणसांची मदत लागते. दुसऱ्याचा उपाय मात्र ॲप बनवणाऱ्यांच्याच हातात आहे. मुदतीचे काम पहिल्याच पानावर ठेवणे, भरलेली माहिती न गमावता मागे येऊ देणे आणि नोंद पोहोचली की नाही ते स्पष्ट सांगणे, हे जिथे होते तिथे शेतकरी स्वतःची नोंद स्वतः करू शकतो. सातबाऱ्यावर आपले पीक आपणच नोंदवायचे, या मूळ कल्पनेला अर्थ त्यातूनच येतो.